बाळासाठी बिनवासाचं लोशन

या ग्रुपवर मी नुसतं वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय. नववीत शाळा सोडली, आता सिंगापूरला ताईकडे राहून तिचं बाळ सांभाळते.

बाळाच्या मानेवर लाल पुरळ आलंय. डॉक्टरांनी वासाचं सगळं बंद करायला सांगितलं, आईने पाठवलेली पावडरसुद्धा. ताईला सुट्टी नव्हती, म्हणून सकाळी बाळाला घेऊन मीच लिटिल इंडियात, इथल्या भारतीय दुकानांच्या भागात, गेले.

इंग्रजी बोलायची मला लाज वाटते. एका दुकानात लोशनची एकेक बाटली हुंगत उभी होते, तर तिथली मुलगी आली. कसंबसं म्हटलं, "बेबी... नो स्मेल."

ती हसली नाही. इथल्या लोकांसारखं 'आह', 'लाह' लावत म्हणाली, "सेन्सिटिव्ह स्किन, आह? धिस वन लाह. फर्स्ट ट्राय ऑन लेग, लिटल बिट."

घरी येऊन पायाला थोडंसं लावलं आणि सारखी बघत राहिले. संध्याकाळपर्यंत लाल झालं नाही. बरं वाटलं.

रात्री ताई कामावरून आल्यावर व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "वासच नाही? मग बाळ बाळासारखं वाटतं तरी का गं?"

ताईने बाळाचं डोकं हुंगलं. "आई, दुधाचा वास येतोय. पावडरीत इतके दिवस कळलाच नाही."

आईने चेहरा स्क्रीनजवळ आणला. मग म्हणाली, "मला इथून तो वास येत नाही ना गं."

तुम्ही तुमच्या आईला अशा वेळी काय सांगता?