एका गाण्यापुरती बॅटरी

आळंद तालुक्यातील आमच्या शाळेसमोर एका दुपारी वरात थांबली, कारण स्पीकरची बॅटरी उतरली होती. मी प्रयोगशाळेत होतो. पाहतो तो दारात साक्षात नवरी! मुंडावळ्या कानांमागे सारलेल्या, पदर कमरेला खोचलेला आणि बॅटरी कडेवर घेतलेली.

"गुरुजी, एवढी चार्ज करून द्या. सासरी मुक्यानं जायचं न्हाई मला, नाचत जायचंय."

मी प्रथम पॉवर सप्लायवर चौदा व्होल्टांच्या किंचित वर काटा आणला, मग करंटची मर्यादा ठरवली आणि त्यानंतरच लाल वायर धन टोकाला, काळी ऋण टोकाला जोडली. तोवर तिची बोटे बाकावर ठेका धरून मोकळी झाली होती.

"कामून एवढं हळू? वाढवा की!"

"घाईने भरली तर बॅटरी तापेल."

"तिकडं नवरदेव तापायलाय, त्याचं काय?"

अर्ध्या तासाने मी स्पष्ट सांगितले, "पुरती भरलेली नाही. एखादे गाणे निघेल."

"बास की!" म्हणत ती बॅटरीसह पळालीसुद्धा. मीही मागोमाग गेलो.

"एकच गाणं हाय, नाचा!" तिने वरातीला बजावले. गाणे केव्हाही बंद पडेल हे कळल्यामुळे लाजण्यात कोणीच वेळ घालवला नाही. नवरदेव घोड्यावरून उतरला, व्याही फेटा सावरत घुमू लागले आणि शाळेपलीकडच्याच घराच्या उंबऱ्यावर ओवाळायला उभ्या असलेल्या सासूबाईंच्या हातातले तबकही ठेक्यात डोलू लागले.