हॅच शट

परळच्या एका लॅबमध्ये मी रक्त-लघवी तपासते. मशीन सांगेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा — असा माझा खाक्या. अंगात येणं, भानामती असलं कोणी बोलायला लागलं की मी सरळ चहा प्यायला उठते. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय. तुम्हीही हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

माझे मोठे काका नौदलात पाणबुडीवर अधिकारी होते. एकाहत्तरच्या लढाईत शौर्यपदक मिळालेलं, पण घरात त्याचा तोरा शून्य. लढाईबद्दल विचारलं की म्हणायचे, "अगो, पाण्याखाली काय दिसतंय? गप बसायचं आणि डिझेलचा वास घ्यायचा." एक सवय मात्र सुटली नाही. घराचं दार लावलं की मोठ्याने म्हणायचे, "हॅच शट!" — म्हणजे पाणबुडीचं झाकण बंद — आणि आतून कोणीतरी तसंच परत म्हणायचं. उत्तर आल्याशिवाय पाणबुडीने डुबकी मारायची नाही, असा त्यांचा नियम. आम्ही पोरं चेष्टा करायचो, पण उत्तर द्यायचो. तोंडातच बसलं होतं ते.

गेल्या वर्षी काका गेले. लालबागच्या नव्या टॉवरमध्ये काकू एकटी. तेराव्याला तिचा भाचा हेमंत आला आणि "फ्रेम करून आणतो" म्हणून पदक घेऊन गेला, तो गेलाच. काका हॉस्पिटलात असताना हा मेला एकदाही फिरकला नव्हता! मग निवडणूक जवळ आली आणि नाक्यानाक्यावर याचे फ्लेक्स — 'पाणबुडीवीराचा मानसपुत्र'. छातीवर काकांचं पदक. तेही डावीकडे! ज्याने मिळवलं त्याने डावीकडे लावायचं, घरच्यांनी उजवीकडे, ही नौदलातली रीत. काकूने फ्लेक्स बघितला आणि त्या दिवशी जेवलीच नाही. "माका ह्यांचा पदक परत व्हया," एवढंच म्हणाली. माझं डोकं सटकलं. काकांच्या फोटोसमोर जाऊन म्हटलं, "काका, ह्याला बघून घ्या."

रविवारी सकाळी मी काकूकडेच होते; खाली मंडळाने काकांच्या नावाने सत्कार ठेवला होता. काकूला स्टेजवर मिरवायला न्यायचं म्हणून हेमंत वर आला, पदक लावूनच. काकूने हात पुढे केला. हा हसला.

"आत्या, घरात ठेवून काय त्याचं लोणचं घालणार? चल, फोटोग्राफर थांबलेत."

"मी येवचंय नाय. पदक दी आणि चालू पड."

"वेडी आहेस," म्हणत तो लिफ्टमध्ये शिरला. मी भांडत मागोमाग पॅसेजमध्ये. लिफ्टचं दार बंद झालं… आणि आतून काकांचा आवाज आला. खणखणीत. "हॅच शट!"

मी उत्तर दिलं. विचार न करता, सवयीने — "हॅच शट!"

लिफ्ट गचकन मध्येच अडकली. मग हेमंतचं बोंबलणं. "पाणी! अरे पाणी येतंय! कान फुटतायत!" वॉचमन धावला, लिफ्टवाल्याला फोन गेला, दार काही हलेना. काकू येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. फटीतून डिझेलचा वास येत होता… काकांच्या जुन्या युनिफॉर्मला यायचा तोच.

लिफ्टवाला यायच्या आतच लिफ्ट आपणहून वर आली, दार उघडलं. हेमंत नखशिखांत भिजलेला, कानातून रक्त. रांगत बाहेर आला, पदक काढून काकूच्या पायाशी ठेवलं आणि जिन्याने पळाला. काकूने ते पदराने पुसलं, साडीवर उजवीकडे लावलं आणि खाली जाऊन स्टेजवर बसली.

प्लंबरने सगळं तपासलं. वर कुठे गळती नाही, लिफ्टचं छत कोरडं. लिफ्टच्या तळाशी साचलेलं पाणी मी बाटलीत भरून लॅबमध्ये मशीनला लावलं. सोडियमचा आकडा बघून आमचे सर म्हणाले, "शिवडीच्या खाडीतून भरून आणलंस काय गं?" सातव्या मजल्यावर समुद्राचं पाणी कुठून आलं, ते मला आजही सांगता येत नाही. कोणाला येत असेल तर कळवा.

हेमंत आता लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. त्याचं ऑफिस चौदाव्या मजल्यावर आहे. चढू दे मेल्याला!

आणि हो, एक सांगायचं राहिलं. तो आत ओरडत असताना काकांचा आवाज पुन्हा आला होता. या वेळी विचारल्यासारखा — "हॅच शट?"

तेव्हा मी पुरती भानावर होते. काकूकडे बघितलं. तिने मान हलवून हो म्हटलं. मी दाराला तोंड लावलं आणि स्पष्ट, मोठ्याने उत्तर दिलं.