घासलेली चूल

भैरवगढला माझ्या चादरी छापून देणारी एक बाई आहे. लग्न होऊन उज्जैनला आले तेव्हापासून मी तिच्याकडे जाते, म्हणजे आता दोघींचेही केस पांढरे झाले. ती मला बाईजी म्हणते, मी तिला बहन. लाकडाचा ठसा रंगात बुडवून कपड्यावर असा नेमका मारते की बघत राहावं. पण खोकला! अंगणात कपडे उकळायची भट्टी, घरात मातीची चूल, दोन्हीकडे लाकूड. बोलता बोलता तिचा श्वास अडकायचा आणि मलाच पाणी प्यावंसं वाटायचं.

मग तिच्या गल्लीत कंपनीच्या लोखंडी चुली आल्या, फुकट. लाकूड कमी, धूर कमी. ती कंपनी म्हणजे जिथे माझ्या बहिणीचा मुलगा नोकरी करतो तीच. मी आमच्या फ्रीगंजच्या घरी त्याला पोहे खायला घालत विचारलं, "अरे, फुकट कशी देता रे? कोणाच्या बापाचं जातंय?"

"मावशी, तिकडे परदेशात धूर फार होतो. तो त्यांना कमी करायचाय, पण तिकडे महाग पडतं. म्हणून इथे चुली वाटायच्या. इथे जितका धूर वाचला तितका त्यांच्या हिशेबात धरतात. दोन देशांचा करार असतो तसा."

"म्हणजे धूर त्यांनी करायचा आणि वाचवायचा माझ्या बहनने?"

"तू ना मावशी, कशाचं काहीही करतेस."

काहीही कसं? आमच्या रामघाटावरचा पंडा दक्षिणा पुरेपूर घेतो, पण यजमानाला स्वतः पाण्यात उतरवतो. कोणाच्या बदल्यात कोणी डुबकी मारून चालत नाही. तरी मी गप्प बसले, कारण त्या चुलीने बहनचा खोकला खरंच उतरला होता. भट्टीला ती चूल काय पुरणार, ती धगधगतच होती. पण निदान घरातलं पोळीभाजीचं तरी सुटलं. रात्री झोप लागते म्हणाली. मला तेवढं पुरे होतं.

मग तपासणी आली. बाहेरच्या देशातून माणसं येणार, चूल कोण वापरतं ते बघणार. जी वापरत नसेल तिची काढून दुसऱ्या घरी देणार. मी त्या दिवशी चादरी आणायला गेले होते. शेजारच्या घरापुढे बघते तर काय, कंपनीचा एक माणूस उकिडवा बसून रॉकेलचा बोळा पेटवून चुलीला आतून काजळी लावतोय. त्या घरात गॅस आहे. त्या चुलीत इतके दिवस कांदे ठेवलेले, ते सुपात काढून बाजूला ठेवले होते. आणि माझा भाचा, इस्त्रीचा शर्ट घालून, जवळ उभा राहून सांगतोय, "कडेला पण लाव थोडं."

मला बघून दचकला. "मावशी, तू इकडे कशी?"

"चादरी न्यायला. तू काय काजळ घालायला आलास?"

हसला. मेला हसला!

आत गेले तर बहनची चूल चुलीसारखी दिसेचना. राखेने, चिंचेने घासून घासून अशी लखलखीत केली होती की त्यात तोंड दिसावं. आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की पितळेचे डबे घासायला उतरवतात, तशी हिने चूल घासायला काढली. सकाळपासून पेटवलीसुद्धा नव्हती, चहा शेजारून मागवला. मी कपाळाला हात लावला. "अगं, हे काय केलंस?"

"पराये मुलुक के मेहमान हैं बाईजी, काला चूल्हा दिखाती क्या?"

तपासणीची मुलगी आली, गोरी, टोपी घातलेली, गोड होती बिचारी. वाकून चुलीत बघितलं, बोट फिरवलं, बोट स्वच्छ. काहीतरी विचारलं. बहनने भडाभडा सांगितलं, "रोज जलाती हूँ मैडम, दोनों टाइम, आज ही माँजा है, मेरी खाँसी कम हो गई इससे, पूछो इन बाईजी से." इतकं सगळं. भाच्याने त्याचं इंग्रजी केलं दोन शब्दांत. मी शाळा फार शिकले नाही, पण इतक्या मोठ्या बोलण्याचे दोन शब्द होत नाहीत एवढं मला कळतं. मुलीने मान हलवली आणि पुढच्या घरी गेली, त्या काजळीच्या घरी. तिथे मात्र फोटो काढले.

मी भाच्याचा दंड धरला. "खरं सांग तिला."

"मावशी, गप्प बस ना प्लीज. दोन-चार घरं अशी निघायलाच पाहिजेत. सगळीच चांगली निघाली तर त्यांना संशय येतो."

थुंकावंसं वाटलं हो मला. ज्या बाईने खरोखर चूल पेटवली, तीच यांना खोटी ठरवायला हवी होती, का तर बाकीचं खोटं खरं दिसावं म्हणून! त्याला मी लहानपणी न्हाऊ घातलंय. या हातांनी.

आठवड्याभरात कंपनीच्या माणसांनी बहनची चूल उचलून नेली. तेव्हा ती पोळ्या करत होती म्हणे. माणसांना थांबवलं, शेवटची पोळी उतरवली, त्यांनाही एकेक खायला दिली. मी भाच्याला फोन केला, "तिची चूल परत देऊन ये, मग माझ्या दारात पाय ठेव." तर म्हणाला, "आता माझ्या हातात नाही मावशी." काजळी लावताना होतं वाटतं हातात! दिवाळीला फराळाचा डबा मी त्याच्याकडे पाठवला नाही. बहीण रुसली आहे. रुसू दे.

परवा गेले तर बहनने अंगणात माती तुडवून ठेवलेली, आत नवी चूल थापून झालेली. मी म्हटलं, "अशी लोखंडी मी आणून देते तुला, बाजारातून."

"नहीं बाईजी. फिर कोई देखने आएगा, जलाई कि नहीं जलाई. इसको कोई देखने नहीं आता." आणि तिने लाकूड आत सरकवलं.

धूर भरला. आम्ही चादरीची घडी घालायला घेतली, दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. तिला खोकल्याची उबळ आली की मी चादर ताणून धरून थांबायची. उबळ सरली की पुढची घडी.