बरोबर आलेलं गणित

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या चष्म्याच्या दुकानात होतो. "भावजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. शर्टाची बटणं लावता लावता तानाजी पलंगावर बसला, तो उठलाच नाही. दीड महिना झाला. लोक म्हणतात, सुटला. मला हा शब्द आवडत नाही, पण त्याच्या बाबतीत खोटाही म्हणवत नाही... गेली चार वर्षं तो नुसते दिवस ढकलत होता.

आम्ही एकाच कॉलेजात शिकवलं. मी मराठी, तो गणित. त्याचं घर गवळ्याचं. दिवाळीच्या पाडव्याला त्याचे भाऊ सायलेन्सर काढलेली मोटारसायकल दामटायचे आणि शिंगं रंगवलेली म्हैस त्या आवाजामागे धावायची. एवढ्या गाड्यांत ती आपल्याच गाडीमागे कशी जाते, हा प्रश्न त्याला शाळेत पडला आणि त्या प्रश्नानंच तुझं वाटोळं केलं, असं मी त्याला चिडवायचो. जनावर कुठं वळेल हे समीकरणात मांडायचं, हाच त्याचा उद्योग झाला. पुढे पन्हाळ्याकडे गवे उसात उतरू लागले तेव्हा त्यानं म्हशी सोडून गवा धरला. पाणी कुठं, चढ किती, ऊस कुठं तुटला, माग कुठं दिसले... सगळं संगणकात घालून तो गव्याची उद्याची वाट काढायचा. मी म्हणायचो, "आरं, वहिनी उद्या म्हायेरी जाणार का, एवढं तरी सांग." तो गंभीरपणे म्हणायचा, "तिला इचारलं की ती बेत बदलती. गव्याला इचारता येत न्हाय, म्हणून त्याचं गणित सुटतंय."

चार वर्षांपूर्वी कळपातून चुकलेला एक गवा पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावाजवळ उतरला. सकाळी तो ओढ्याकाठच्या पाणंदीनं येईल आणि वाट मोकळी ठेवली तर तसाच डोंगरात परत जाईल, असं तानाजीचं गणित सांगत होतं. त्यानं सरपंचांना फोन केला. सरपंच भला माणूस. लोक सावध व्हावेत म्हणून त्यांनी ते गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. सकाळी आम्ही पोचलो तर पाणंदीच्या दोन्ही अंगांना जत्रा भरलेली. आणि गवा आला. सांगितलेल्या वेळेला, सांगितलेल्या वळणावर. त्याला डोंगराकडे न्यायचं म्हणून काही तरुणांनी सायलेन्सर काढलेल्या गाड्या आणल्या. म्हैस आवाजामागं येते, मग हा का येणार न्हाय? कोल्हापूरकराशिवाय हे कुणाला सुचणार... गवा बिथरला. दुपारपर्यंत उन्हात या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत राहिला आणि एका बांधाशी बसला तेव्हा तोंडाला फेस होता. थोड्या वेळानं त्यानं मान टाकली. एकानं तानाजीच्या पाठीवर कौतुकानं थाप मारली. "सर, मानलं तुमास्नी. बरोब्बर हितंच आला की."

नंतर त्यानं गर्दीचं समीकरण मांडायला घेतलं आणि तीन पानांवर सोडून दिलं. एकदा चहा पिताना मी म्हटलं, "तू काय वाईट केलंस?" तो म्हणाला, "गणित चुकलं असतं तर जगला असता त्यो." ते खरंच होतं. गवा मेला त्या दिवसापासून त्यानं गव्यांच्या वाटा काढणं बंद केलं, असं आम्ही सगळे समजत होतो.

गेल्या आठवड्यात वहिनींनी त्याची खोली आवरायला मला बोलावलं. टेबलावर एक हिरव्या पुठ्ठ्याची वही होती. चार वर्षं, दर आठवड्याचा अंदाज, आणि माग बघून आल्यावर खाली त्याच्या तिरक्या अक्षरात 'बरोबर'. एक शब्द कुणाला बोलला नव्हता. शेवटच्या पानांवर पुढच्या दोन महिन्यांचेही अंदाज होते. ती पानं मी वाचायला नको होती. मंगळवारी सकाळी स्कूटर काढली आणि त्यानं लिहिलेल्या ओढ्यापाशी गेलो. उसाच्या कडेला गव्याची मादी आणि तिचं पिल्लू उभं होतं. मला रडू आलं. तानाजीच भेटला असं वाटलं, म्हणून जरा जास्तच वेळ थांबलो. मागं एक मोटारसायकल येऊन उभी राहिली.

"पावणं, काय हाय हो तिकडं?"

"काय न्हाय," मी म्हणालो.

त्यानं मी बघत होतो तिकडं बघितलं, आणि खिशातून मोबाइल काढला.