आबांच्या आवाजातली वर्दी

माझ्या कंपनीत माणसं दोनच. कोड मी लिहायचो आणि बोलायचे आबा, म्हणजे माझे वडील. त्यातलं एक माणूस गेलं आणि कंपनी एक दिवसही बंद पडली नाही, हे मला सहन होईना.

कंपनी म्हणतानाही जीभ अडखळते. आटपाडीच्या पूर्वेला आमचं गाव, गावातल्या घराची पुढची खोली, त्यात एक लॅपटॉप आणि इन्व्हर्टर. पुण्याची नोकरी सोडून आलो तेव्हा चुलते म्हणाले, "गड्या, माणसं हितनं पुण्याला जात्यात, तू उलटा आलास. डोक्यावर पडलायस काय?" पोरगी बघायला गेलं की तिचा बाप विचारणार, कंपनी कुठाय, माणसं किती. मी सांगायचो, खोलीत आहे, आणि त्यातला अर्धा स्टाफ आत्ता तुमच्यासमोर पोहे खातोय. पोहे संपवून परत यायचो.

पण माझं गणित पक्कं होतं आणि ते पुण्यात शिकलेलं नव्हतं. आमच्याकडं शहाणा माणूस रानात नुसती बाजरी पेरत नाही. बाजरीत तूर घालतो, मटकी घालतो, बांधाला हुलगा टाकतो. पावसानं एकाला दगा दिला तर दुसरं हाताला लागतं. म्हणून एकच मोठं सॉफ्टवेअर करायच्या भानगडीत मी पडलोच नाही. छोटी छोटी केली, एकट्याला सांभाळता येतील एवढीच.

पहिलं पाण्याचं. आमच्या गावांत नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही कधी सुटेल याचा नेम नाही. पंचायतीच्या पाणीवाल्यानं व्हॉल्व फिरवला की त्यानं मोबाईलवर एक बटण दाबायचं, की त्या आळीतल्या सगळ्या घरांना आपोआप फोन. झकास कल्पना! फक्त फोन कुणी ऐकेना. मी त्यात शहरी बाईचा गोड आवाज घातला होता, "नमस्कार, आपल्या विभागात" एवढं कानावर पडलं की लोक कट करायचे. कर्जवाल्या कंपनीचा फोन, दुसरं काय!

आबा तो आवाज ऐकून भडकले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. "असं कुणी सांगतं व्हय रं? ही बाई पानी आलंय म्हनतीया का लाडू खावा म्हनतीया? आण तो माइक." खोलीत आवाज घुमू नये म्हणून त्यांनी डोक्यावरून वाकळ घेतली आणि आतून खणखणीत आवाजात म्हणाले, "आवं, फोन ठिवू नगा! तुमच्या आळीत पानी सोडलंय. भांडी लावा." त्यानंतर फोन कुणी कट केला नाही.

मग आबांनी सुधारणा सुचवली. नाव घेतल्याशिवाय माणूस हलत नाही म्हणाले, हजेरीला नाव पुकारलं की झोपेतला जवानही ताठ होतो. म्हणून आम्ही गावातल्या घराघराच्या कारभाऱ्याचं नाव आबांच्या आवाजात भरून घेतलं. सॉफ्टवेअर आधी नाव लावायचं, मग निरोप जोडायचं. आमच्या घराची पाळी आली तेव्हा वाकळेतून आवाज आला, "माझंबी म्हनू का?" मी म्हटलं, म्हणा की, उगाच राहायला नको. ते स्वतःचं नाव हजेरी दिल्यासारखं म्हणाले आणि स्वतःच हसले. ते हसणं मी कापून टाकलं.

पाण्यामागून दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर केलं, गवळ्याला फोनवर दुधाचं फॅट सांगणारं. मग मेंढरांच्या लसीचं. मग मंगल कार्यालयाच्या तारखांचं. शेजारच्या माण तालुक्यात गेलो, जतला गेलो. सगळीकडं आबा बोलायचे. खर्च वजा जाता चांगले पैसे उरू लागले आणि मी कॉलर ताठ करून हिंडू लागलो. खरं म्हणजे माझ्या कोडला कुणी पैसे मोजतच नव्हतं. लोक त्या आवाजाचे पैसे देत होते, आणि हे आबांनाही माहीत होतं. "तू नुसता तारा जोडतोस लेका," म्हणायचे.

पंचायतीनं पुढं एक बटण मागून घेतलं. गावात कुणी वारलं की पूर्वी देवळाच्या भोंग्यावर सांगत, पण वस्तीवर राहणाऱ्यांना ते ऐकू जायचं नाही. म्हणून तोही निरोप आबांनी भरून दिला. "गावकऱ्यांनो, एक वाईट खबर हाय." मग नाव. मग, "ह्येंचं निधन झालंय. दुपारी माती हाय. समद्यांनी या." मातीला माणूस कमी पडू नये, हा आमच्याकडचा मोठा धर्म. आवाजात किती दुःख ठेवायचं यावर आबांनी बराच विचार केला होता.

आबांनी शिवारातच जीव सोडला. सकाळी ज्वारीच्या रानात गेले ते तिथंच पडले. त्यांना अंगणात आणून ठेवलं, बायका आईभोवती बसल्या, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. आणि एका म्हाताऱ्याचा फोन वाजला. मग दुसऱ्याचा. मग अंगणभर फोनच फोन. सवयीनं सगळ्यांनी उचलले.

"गावकऱ्यांनो, एक वाईट खबर हाय."

पंचायतीच्या शिपायानं नेहमीप्रमाणं आपलं काम केलं होतं. बिचाऱ्याची काय चूक? मयत झालं की बटण दाबायचं, एवढंच त्याला सांगितलेलं. आबांनी खणखणीत आवाजात आपलं नाव घेतलं, आपण गेल्याचं सांगितलं, आणि समद्यांना आपल्या मातीला बोलावलं. फोन मागंपुढं उचललेले, त्यामुळं तेच वाक्य अंगणात या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत राहिलं. मध्ये आबा निजलेले, तोंडावर कापड. एका म्हातारीनं "अगं आई गं!" म्हणून फोन फेकून दिला. बंद कसं करायचं ते साऱ्या गावात मला एकट्याला माहीत होतं आणि माझे पाय हलेनात.

आईचाही फोन वाजला. तिनं कनवटीचा फोन काढला, कानाला लावला, शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली, "व्हय." मग परत खोचून ठेवला.

त्यानंतर गावात अवघड झालं. पाण्याच्या दिवशी आबांचा आवाज आला की काही घरं फोनच उचलेनात. पोरी भ्यायच्या. पाणी येऊन जायचं आणि रांजण कोरडे राहायचे. शेजारची एकजण आईला तोंडावर म्हणाली, "मानूस गेलं तरी आवाज गावात फिरतोय, चांगलं न्हाई ते." आमच्या घराला तर आबा आबांनाच हाक मारायचे, कारण कारभारी म्हणून नाव त्यांचंच लागलेलं. आई फोन घ्यायची आणि त्या आवाजाला सांगायची, "न्हाईत घरात." ते नाव बदलणं माझ्या हातचं एका मिनिटाचं काम होतं. माझ्यानं होईना.

आणि बाहेरच्या गावांत आबा गेलेच नव्हते! माणमध्ये ते पाणी सोडत होते, दूध मोजत होते, मेंढरांना लस टोचायला बोलावत होते. जतकडच्या एका दूध केंद्राचा मालक फोनवर म्हणाला, "तुमच्या त्या बाबांना आमच्या जत्रेला घेऊन या. लोक लय मानतात, सत्कार करू." मी म्हणालो, सध्या त्यांना प्रवास झेपत नाही. फोन ठेवला आणि मला स्वतःचीच किळस आली.

म्हणजे प्रश्न एकच होता. आबांचा आवाज ठेवायचा की काढायचा? ठेवला तर आई दर आठवड्याला मेलेल्या माणसाशी बोलत राहणार. काढला तर लोक परत फोन कट करणार आणि एवढं उभं केलेलं सगळं बसणार. मी निर्णय पुढं ढकलत गेलो. रात्रंदिवस माझ्या कानाला हेडफोन आणि त्यात आबा. मूळ रेकॉर्डिंगमध्ये त्यांचं खाकरणं आहे, "झालं का रं?" आहे, वाकळेत गुदमरल्यावरचा उसासा आहे. तेच ते परत परत ऐकून मला खोलीत त्यांचा वास यायला लागला, तंबाखूचा आणि खोबरेल तेलाचा.

तेवढ्यात जतच्या त्या मालकानं आणखी गावं आणली. नवी गावं म्हणजे नवी नावं, त्यातली निम्मी कानडी वळणाची. आबांनी ती कधी उच्चारली नव्हती. पण हल्ली आवाजाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर मिळतं. माणसाचा आवाज द्यायचा आणि पाहिजे ते लिहायचं. माझ्याकडं तर आबांचा आवाज पोत्यानं होता. मी नावं लिहिली आणि आबा ती घडाघडा म्हणाले. अगदी तसेच. माझ्या अंगावर काटा आला आणि, खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. सुटलो म्हटलं. आता धंदा कधीच अडणार नाही.

तिथंच थांबायला हवं होतं. पण मी पुढं लिहिलं, "जेवलास का रं?" पुण्यात असताना आबा फोनवर पहिलं वाक्य हेच बोलायचे. बटण दाबलं. हेडफोनची वायर निघालेली होती, ते माझ्या ध्यानात नव्हतं.

"जेवलास का रं?"

स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज थांबला. आई दारात आली, दोन्ही हात पिठानं भरलेले. तिनं आबा बसायचे त्या खुर्चीकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "आवं?"

मग तिला मी दिसलो.

मला वाटलं आता रडेल, नाहीतर शिव्या घालेल. ती उंबऱ्यावरच बसली. कितीतरी वेळ हातावरचं पीठ चोळत राहिली. मग म्हणाली, "ह्ये त्येंनी कवा म्हटल्यालं?"

"न्हाई म्हटलेलं. मी म्हणायला लावलं."

"मग ऐक बाळा. जे बोलून गेलं ते त्येंचं हाय, ते ऐकू. पर मेल्याल्या मानसाच्या तोंडात नवं बोलनं घालू नगं. उद्या त्येंच्या तोंडून काय बी वदवशील, आनि मी व्हय म्हनंन."

मी चिडलो. माझा स्वभावच तसा, चूक कळली की आधी राग येतो. "मग ही नवी नावं कोण म्हणणार? मी? माझा आवाज कुत्रं ऐकत न्हाई!"

"मी म्हनते की," आई म्हणाली. "पान्याला वरडायचं काम बायकांचंच हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वाकळेखाली बसली. मी नाव वाचायचो, ती म्हणायची. आवाज किती सरस निघाला काय सांगू! ठसका होता, धाक होता, "भांडी लावा गं बायांनो" म्हणताना तर मीच उठायला लागलो. जतची नावं झाली. तेव्हा ती म्हणाली, आपल्या गावाचीबी घे. मी घेऊ लागलो. मध्येच एका नावाला ती गप्प बसली.

"आये, हे राहिलं."

"फुडचं घे."

"अगं राहिलंय ना!"

"ते कसं घिऊ रं?"

मला खरंच कळलं नाही. मग परत बघितलं. नाव खालच्या आळीतल्या एका माणसाचं होतं, पण आबांचंही तेच. आमच्याकडं तिच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पुढं सारा संसार 'आवं' आणि 'ह्ये' यावर झालेला. रेशनच्या दुकानात कुणी विचारलं तरी ती शेजारणीला सांगायला लावायची.

"ते त्या माणसाचं नाव आहे, आबांचं न्हाई," मी म्हणालो.

"नाव तेच की."

मी म्हटलं राहू दे, त्या एका घराला दुसरं काहीतरी करू. वाकळ थोडा वेळ हलली नाही. मग आतून नाव आलं. इतकं बारीक, की पडद्यावरची आवाजाची रेघ जेमतेम थरथरली.

"आलं का?"

"न्हाई आलं. जरा मोठ्यानं."

तिनं परत घेतलं. हे चांगलं आलं होतं, मी तसं सांगणारच होतो. तेवढ्यात तिनं वाकळ डोक्यावरून काढून टाकली आणि तिसऱ्यांदा नाव घेतलं, या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी तसं. बाहेर शेळ्यांनी माना वर केल्या. एकेरी नाव, ना पुढं काही ना मागं. मग ती दाराकडं बघत राहिली आणि मीही बघत राहिलो.

"त्या दिशी सकाळी उशीर झाला म्हनून मी रानात गेलती," ती म्हणाली. "ज्वारी डोक्याच्या वर. आवं, आवं करत सगळं रान हिंडले. त्येंनी ऐकलं बी आसंल. पर आवं म्हनल्यावर कुनाला कळनार रं, कुनाला बोलावतीया? नाव घिऊन वरडले आस्ते तर त्येंनी वो दिली आसती."

रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि वाकळ परत डोक्यावर ओढली. "गावाचं समदं माझ्या आवाजात घे," आतून म्हणाली, "आनि सोड आता त्यास्नी. वाच फुडचं नाव."

मी वाचलं. तिनं घेतलं.