बदली या शब्दाचा अर्थ

लग्न होऊन मी फणसवाडीतून डिलाईल रोडच्या चाळीत आले तेव्हा माझ्याबरोबर दोन गोष्टी आल्या: मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणि त्याचा ताठा. नवरा म्युनिसिपालटीच्या शाळेत मास्तर. त्याने पहिल्याच आठवड्यात चाळीच्या तोंडाशी टांगलेल्या फळ्याचं काम माझ्या गळ्यात घातलं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. सभा कुठे, मोर्चा किती वाजता, कोण तुरुंगातून सुटून आलं, हे मी रोज सकाळी खडूने लिहायचे. अक्षर चांगलं होतं. हळूहळू चाळीतली पत्रंही माझ्याकडे वाचायला येऊ लागली. मी ती नुसती वाचायचे नाही, समजावूनही द्यायचे. कोणी न विचारता.

शेजारच्या खोलीतल्या वहिनी मालवणकडच्या, गिरणीत कामाला. त्यांचा नवराही गिरणीत वर्षानुवर्षं बदलीवाला होता; म्हणजे काय, ते मी कधी विचारलं नव्हतं. कायम काही झाला नाही. शेवटी कंटाळून गावच्या एका दोस्तामागून नागपूरच्या पलीकडे कोळशाच्या खाणीत गेला. दोस्त खाली उतरायचा, हा वर मालगाडीच्या वाघिणी भरायचा. नवरा वरच असतो, खाली जात नाही, एवढ्यावर वहिनी निर्धास्त होत्या.

शिमग्याच्या तोंडावर त्याचं कार्ड आलं. तब्येत बरी आहे. सोमवारपासून पंधरा दिवस बदली. काळजी नसावी.

"बदली झालीय," मी म्हटलं. "दुसऱ्या खाणीवर पाठवलं असेल. तात्पुरती आहे."

माझे वडील सरकारी कचेरीत कारकून. बदली म्हटलं की आमच्याकडे आई देव पाण्यात घालून बसायची. त्या शब्दाला दुसरा काही अर्थ असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. वहिनींनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, काही विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. शिकलेल्या बाईपुढे काय बोलायचं, असं त्यांना वाटलं असणार. ती चूक त्यांची नव्हे, माझी.

पुढच्याच आठवड्यात पेपरात आलं. जुन्या बोगद्यात साठलेलं पाणी फुटून खाणीत शिरलं होतं आणि त्या पाळीची माणसं खाली अडकली होती. खाण तीच. दुसऱ्या दिवशी, आता कोणी वाचण्याची आशा नाही म्हणत, नावं छापून आली. मी गॅलरीत उभी राहून मोठ्याने वाचली. वहिनींच्या नवऱ्याचं नाव नव्हतं. त्या दोस्ताचं मात्र होतं. चाळीने एकीकडे हळहळ केली आणि दुसरीकडे सुटकेचा निःश्वास टाकला. तळमजल्यावरच्या आजी वाटीत साखर घेऊन वर आल्या.

"बघा वहिनी, बदली झाली म्हणून वाचले," मी म्हटलं. वर हसलेसुद्धा.

वहिनींनी साखरेला हात लावला नाही.

"बाय, ती तुमची हापिसातली बदली," त्या म्हणाल्या. "आमची बदली म्हणजे दुसऱ्याच्या जाग्यार उभ्या ऱ्हवचा. तो दोस्त शिमग्याक गावाक गेलो आसतलो. ह्यो त्याच्या बिल्ल्यार खाली गेलो हा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. गिरणगावात वाढलेला माणूस, त्याला तो अर्थ ठाऊक होता. कार्ड मी त्याला दाखवलंच नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

चाळीला मात्र पटेना. यादीत नाव नाही आणि ही बाई रडायला का निघालीय? खरं तर त्या रडतही नव्हत्या. गिरणीत जात होत्या, परत आल्या की फळ्यापुढे उभ्या राहत होत्या. "काय लिवलंस?" एवढंच विचारायच्या.

तिसऱ्या दिवशी तो दोस्त भाऊच्या धक्क्यावरून थेट चाळीत आला. सदऱ्यावर पालखीचा गुलाल तसाच. बोटीवरून उतरल्यावर पेपर बघितला होता.

"मी मेलंय म्हणान पेपरात छापल्यानी हा!" तो म्हणाला. हसत होता की रडत होता, कळत नव्हतं. वहिनी समोर दिसल्या तसा जिन्यातच बसला. रजा मिळेना, म्हणून आपला हजेरीचा बिल्ला वहिनींच्या नवऱ्याला देऊन गेला होता. "वहिनी, माका पालखी चुकवूची नव्हती."

त्यांच्या जागी मी असते तर त्याचं थोबाड फोडलं असतं. वहिनींनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "पालखी कोण चुकयता?" त्या म्हणाल्या.

माझ्या नवऱ्याने खाणीला तार केली. उत्तर आलं, या नावाचा इसम खाली गेलेला नाही. कामावर गैरहजर आहे.

त्याच आठवड्यात बायकांचा मोर्चा होता. वहिनीही आल्या. पुढून आरोळी आली आणि सगळ्या ओरडल्या, "झालाच पाहिजे!" आमच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "आलाच पाहिजे!" कोण ते आजही माहीत नाही. पण आमच्या चाळीच्या बायका परेलपर्यंत तेच ओरडत गेल्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी सभा नाही, मोर्चा नाही, तेवढंच मोठ्या अक्षरात लिहिलं: आलाच पाहिजे. ते कोणी पुसलं नाही.

मग प्रेतं वर येऊ लागल्याच्या बातम्या आल्या. आजींनी वहिनींना काळे मणी उतरवण्याविषयी हळूच सुचवलं. वाईट मनाने नव्हे, रीत म्हणून.

"यादीत त्याचा नाव खंय हा?" वहिनी म्हणाल्या. "ज्याचा नावच नाय, तो मेलो कसो?"

दहाव्या दिवशी सकाळी पेपर उघडला. उंचावरच्या एका बोगद्यात काही माणसं जिवंत सापडली होती. बिल्ल्यांवरची नावं खाली दिली होती. यावेळी मी शहाणी झाले होते. वहिनींच्या नवऱ्याचं नाव शोधलंच नाही. दोस्ताचं शोधलं. चौथं होतं.

मी ते वाचलं आणि दोस्ताने गॅलरीत उडी मारली. "मी आसंय! मी जिवंत आसंय!" लोक खोल्यांतून बाहेर आले. कोणाला काही कळेना. मेलेला म्हणून छापलेला माणूस आठवडाभर चाळीत जेवतोय, तो आता जिवंत आहे म्हणून नाचतोय!

"नाव कोणाचा?" वहिनींनी विचारलं.

"ह्यांचंच," मी दोस्ताकडे बोट दाखवलं.

"मगे तो ह्यो न्हय," वहिनी म्हणाल्या, "तो आमचो." आणि दहा दिवसांत पहिल्यांदा ढसाढसा रडल्या. रडता रडताच आजींकडे हात पुढे केला. "साखर हाडा."

वहिनींचा नवरा आला त्या दिवशी अख्खी चाळ दादरला गेली. लेझीम, गुलाल, ढोल, काही बाकी ठेवलं नाही. "आलाच पाहिजे" म्हणता म्हणता पोरीबाळी "आलाच! आलाच!" करू लागल्या आणि रस्त्यावरचे अनोळखी लोकही आमच्यात शिरून ओरडू लागले. एवढा आनंद मी नंतर महाराष्ट्र झाला त्या दिवशीच पाहिला. तो मात्र खाली बघत चालत होता. फार वाळला होता. फळ्यापाशी आल्यावर त्याने खिशातून पेपरचं कात्रण काढून मला दिलं. जिवंत वर न आलेल्यांची नावं होती.

"हीं लिव," तो म्हणाला.

मी फळा पुसला आणि लिहिली. लेझीम थांबली. मग तो म्हणाला, "आता हजेरी घे."

मी पहिलं नाव वाचलं. गिरणीच्या दारात गैरहजर माणसाच्या नावाला जसा बदलीवाला पुढे होतो, तसा तो एक पाऊल पुढे आला. "हजर," तो म्हणाला. "बदली."

दुसऱ्या नावाला दोस्त पुढे झाला. तिसऱ्याला वहिनी. मग माझा नवरा, मग आजी, मग चाळ. एकेका नावाला एकेक जण. शेवटचं नाव वाचलं तेव्हा पुढे यायला कोणी उरलं नव्हतं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

"हजर," मी म्हटलं. "बदली."

वहिनींनी मान हलवली. मग ढोलवाल्याला म्हणाल्या, "वाजव रे आता," आणि त्याने वाजवला.