गाव नको, नाव सांगा

वापरलेल्या सुया टाकायला दवाखान्यात डबा असतो, किस्से टाकायला नसतो. बावीस वर्षं भंडाऱ्याच्या एकाच खाजगी दवाखान्यात सिस्टर आहे मी, डोकं गच्च भरलंय. मैत्रिणी म्हणतात, "ताई, हसव ना एखादा सांगून!" सांगते. पण मला यातल्या एकाचंही हसू येत नाही, तिडीक जाते डोक्यात!

* * *

आमच्याकडे पेशंटला नाव नसतं, गाव असतं. "वरठीचं ड्रेसिंग झालं काय?" "शहापूरला सलाईन लावा." एकदा लाखनीचे दोघं शेजारी-शेजारी भरती होते. एकाला शुगर, दुसऱ्याला नुसता ताप. नवी सिस्टर इन्सुलिन भरून आली अन् तापवाल्याचा दंड पुसायला लागली. तो ताडकन उठून बसला. "बाई, साखर मले नाही! साखर त्या लाखनीले आहे!"

सारा वॉर्ड खो-खो हसला. मी नाही हसले. तो झोपलेला असता तर? त्या दिवसापासून मी नियम केला. सुई टोचायच्या आधी, ऑपरेशनला न्यायच्या आधी नाव विचारायचं. आपण सांगायचं नाही, पेशंटच्या नाहीतर घरच्यांच्या तोंडून ऐकायचं.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "सिस्टर, इथं काय शाळेची हजेरी घ्यायची आहे?"

* * *

सह्यांचं तर विचारूच नका. केसपेपर काढतानाच कोऱ्या संमतीपत्रावर सही घेऊन ठेवायची पद्धत! एकदा शहापूरचे रिटायर्ड मास्तर आले. चष्मा लावून फॉर्म वाचला. "यात ऑपरेशन कशाचं, धोका काय, काहीच लिवलं नाही."

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "ते आम्ही मागून भरतो, सर."

"बरं. मग मीबी सही मागूनच करतो. ऑपरेशन होऊन जाऊ द्या!"

* * *

मग वकिलाची नोटीस आली. एका बाईला पेनिसिलिनची ॲलर्जी होती. तिनं सांगितलेलं, कुणी लिहूनच घेतलं नव्हतं. मरता मरता वाचली बिचारी. साहेबांनी मीटिंग घेतली, समोसे मागवले. ठरलं काय? काउंटरवर कॅमेरा लावायचा, नातेवाईक आवाज चढवतात म्हणून!

मी म्हटलं, "साहेब, ॲलर्जी फाईलवर लाल पेनानं लिहू या."

"फाईल घाण दिसते, सिस्टर."

अरे बाप्पा! बाईचा जीव चालला होता अन् यांना फाईलची पडली! कॅमेरा दोन दिवसांत लागला. हात धुवायच्या बेसिनवरचा साबण आजही मी घरून आणते.

* * *

आता हा ऐका. त्या दिवशी दोन म्हाताऱ्यांची ऑपरेशनं होती. एकाचं हर्नियाचं, एकाचं मानेवरच्या गाठीचं. न्यायला आलेल्या वॉर्डातल्या मामांनी एकाच्या बायकोला विचारलं, "हे सुखदेवच ना?" साठीची बाई. जन्मात नवऱ्याचं नाव तोंडातून काढलेलं नाही. तिनं पदर ओढून मान खाली घातली. मामांनी तेच 'हो' धरलं.

ऑपरेशन थिएटरच्या दारात मी स्ट्रेचर अडवलं. फाईल आधीच आत साहेबांच्या हातात गेलेली. गुंगीच्या इंजेक्शननं म्हातारा गाढ झोपलेला.

"माय, यांचं नाव सांगा."

"कागदावर आहे ना, बाई. मी कशी घेऊ?"

"सिस्टर, सोडा!" साहेब आतून ओरडले. "हर्निया आहे, साधी केस आहे. कायले नाटक करून राहिल्या?"

"नाव ऐकल्याशिवाय नेऊ देत नाही, साहेब."

"मग उद्यापासून कामावर येऊ नका!"

"नाही येत. पण हे स्ट्रेचर हलत नाही!"

घरी कमावणारी मी एकटीच. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, मग दारात आलेल्या साहेबांकडे पाहिलं. डोक्यावरचा पदर खाली घेतला अन् अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडली, "वासुदेव! वासुदेव नाव आहे माह्या मालकाचं! अन् गाठ मानेवर आहे!"

साहेबांच्या हातात फाईल होती सुखदेवची, हर्नियाची.

"मी घेतलं नाव," म्हातारी म्हणाली. "आता तुमी वाचा, डाक्टर. मोठ्यानं."